शब्द गेले तरी उभं राहील असं गाणं निवडा

वाचकाचं पत्र

मी पियानोच्या सहाव्या ग्रेडपर्यंत शिकले आहे. घरी ८८ कीजचा डिजिटल पियानो आहे. मी गात नाही, फ्रेंचही येत नाही. एदित पियाफची गाणी ऐकता ऐकता जुन्या पॅरिसच्या कॅबरेतल्या गाण्यांची गोडी लागली आणि आता ती एकट्या पियानोवर वाजवावीशी वाटतात. मैत्रिणीचा छोटा कॅफे आहे, तिथे वीस-पंचवीस मिनिटं वाजवशील का, असं ती विचारते आहे. पण ‘सोपा पियानो’ म्हणून जे मिळतं ते बालगीतासारखं वाजतं. ‘पियानो-व्होकल’ म्हणून विकत घेतलेल्या पानांत चालच सापडत नाही, नुसती साथ आहे. एक फुकटची पीडीएफ उतरवली, तर तिच्यातल्या मात्रा मोजता मोजता नाकी नऊ आले. नेमकं काय शोधायचं, कुठे शोधायचं आणि गाण्याचं पियानोवादन कसं करायचं?

— एक वाचक, पुणे

उत्तर

तुमच्या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. पॅरिसच्या कॅबरेतलं गाणं म्हणजे आपण ज्याला शब्दप्रधान गायकी म्हणतो तीच. गायिका शब्द टाकते, थांबते, एखादं अक्षर नुसतं बोलून सोडते आणि पियानो मागून हळूच साथ देतो. गायिका आणि तिचे शब्द दोन्ही काढून घेतले की कित्येक गाण्यांत फारसं काही उरत नाही. म्हणून शोधाला लागण्याआधी निवड करायची, आणि ती ‘आवडतं गाणं कुठलं’ या कसोटीवर नाही, ‘शब्दांशिवाय चाल उभी राहते का’ या कसोटीवर.

ही कसोटी दोन मिनिटांत लावता येते. गाणं दोनदा ऐका, मग बंद करा आणि शब्द न घेता ‘ला ला’ म्हणत पूर्ण कडवं गुणगुणा. एकाच सुरावर सात-आठ अक्षरं येत असतील, किंवा चाल चार-पाच सुरांच्या आतच घुटमळत असेल, तर ते गाणं सध्या बाजूला ठेवा. चाल वर चढते, उतरते, मध्ये कुठेतरी मोठी उडी घेते आणि आपली आपण आठवते, असं असेल तर ते पियानोवर चालेल.

या कसोटीवर काही फार मोठी नावं गळतात. जाक ब्रेलचं ‘न म कित पा’ हे १९५९ चं गाणं घ्या. पाच-पाच अक्षरांच्या छोट्या ओळींची ती रांग आहे. ब्रेलच्या तोंडी प्रत्येक ओळ निराळी होते, पियानोवर मात्र तोच तुकडा पुन्हापुन्हा आल्यासारखा वाटतो. लेओ फेरेचं ‘आव्हेक ल ताँ’ तसंच, जवळजवळ बोललेलं. आरिस्तीद ब्रुआंची पॅरिसमधल्या माँमार्त्र या वस्तीच्या रस्त्यावरची गाणी तर शब्दांवरच जगतात. ‘नाँ, ज न रग्रेत रिएँ’ची चाल ठसठशीत आहे, पण तिच्यामागचा ऑर्केस्ट्राचा रेटा पियानोवर आणायला गेलं की हातोडा मारल्यासारखं होतं, आणि लहान कॅफेत तर ते सोसवतच नाही. ही गाणी वाजवूच नयेत असं नाही. पहिल्या कार्यक्रमाला ती नकोत.

आता घ्यायचं काय? सुरुवात एरिक साती या फ्रेंच संगीतकारापासून करा, आणि त्याला ठोस कारण आहे. माँमार्त्रमध्ये १८८१ साली सुरू झालेल्या ‘शा न्वार’ या कॅबरेत साती पियानो वाजवत असे. पुढे व्हँसाँ इस्पा या कॅबरे गायकाला त्याने बरीच वर्षं साथ केली. म्हणजे हा माणूस या धंद्यातलाच. त्याचं ‘ज त व्हो’ हे वॉल्ट्झ-गीत, म्हणजे तीन मात्रांच्या ठेक्यावरचं गाणं, १९०३ साली छापून आलं. पोलेत दार्ती या गायिकेने ते लोकप्रिय केलं. त्याची एकट्या पियानोसाठीची आवृत्तीही सातीचीच आहे आणि गाण्यात नसलेला एक मधला भाग, ट्रिओ, तिच्यात आहे. कुणी तिसऱ्याने केलेलं रूपांतर शोधत बसायची गरजच उरत नाही. तुमच्या सहाव्या ग्रेडच्या हाताला ते झेपेल. त्याच्याच जोडीला ‘पूद्र दोर’ हे वॉल्ट्झ आणि १९०४ चं ‘ल पिकाडिली’ हे छोटं मार्च घ्या. ‘पिकाडिली’त त्या वेळी पॅरिसमध्ये नव्याने आलेल्या अमेरिकन केकवॉक नाचाची उसळी आहे. सातीची जिम्नोपेदी आणि नोसियन ही ‘फ्रेंच कॅफे’ नावाच्या प्रत्येक प्लेलिस्टमध्ये असतात. सुंदर आहेत, पण ती कॅबरेची गाणी नाहीत. एखादी विसाव्यासाठी वाजवायला हरकत नाही, तिच्यावर कार्यक्रम उभा करू नका.

दुसरं नाव जर्मन संगीतकार कुर्ट वाइल. हिटलर आल्यावर १९३३ साली तो बर्लिन सोडून पॅरिसला आला. तिथल्या ‘मारी गालांत’ या नाटकासाठी त्याने एक तांगो-हाबानेरा लिहिला, त्यावर नंतर शब्द बसवले गेले आणि त्याचं ‘युकाली’ झालं. चाल आधी वाद्यांसाठी लिहिलेली, शब्द मागून आलेले, म्हणून शब्द काढले तरी तिचं काही बिघडत नाही. डाव्या हाताला एकच ठेका सांभाळायचा असतो: पहिला सूर लांब, दुसरा आखूड, मग दोन सारखे. हा ठेका उजव्या हाताच्या लाडात ढिला पडला की तांगो संपतो आणि नुसतं रडगाणं उरतं. आधी तीन-चार दिवस नुसता डावा हात मेट्रोनोमवर वाजवा.

तिसरा फ्रान्सिस पूलँक. तो मैफलीचा संगीतकार, पण या गाण्यांवर त्याचा मनापासून जीव. १९४० साली त्याने इव्हॉन प्रँताँसाठी लिहिलेलं ‘ले शमँ द लामूर’ हे वॉल्ट्झ-गीत आणि १९५९ ची सी मायनरमधली पंधरावी इम्प्रोव्हिझेशन ही दोन्ही तुमच्या कामाची. ही इम्प्रोव्हिझेशन मुळातच एकट्या पियानोची आहे आणि तिचं उपशीर्षकच एदित पियाफला वंदन असं आहे. ती तुमच्या आजच्या टप्प्यापेक्षा अवघड आहे. दोन-तीन महिने हाती असतील तरच घ्या, घाईत वाजवली तर तिच्यातले आतले सूर सगळे चिकटून जातात. ‘ले शमँ’मध्ये आणखी एक खाच आहे. कडवं सी शार्प मायनरमध्ये आणि ध्रुवपद डी फ्लॅट मेजरमध्ये आहे. कीबोर्डवर सा तोच राहतो, पण कागदावर चार शार्प जाऊन एकदम पाच फ्लॅट येतात. ती ओळ ओलांडण्याचा सराव वेगळा करा.

यानंतर ज्यांच्यासाठी तुम्ही पत्र लिहिलंत ती, म्हणजे पियाफची आणि तिच्या काळातली गाणी. त्यांतली पियानोवर हमखास उभी राहणारी माझ्या मते पाच: ‘ला व्ही आँ रोज’, ‘सू ल स्येल द पारी’, ‘ले फय मोर्त’, ‘इम्न आ लामूर’ आणि १९३० चं ‘पार्ले-म्वा दामूर’. वेगवान हवं असेल तर ‘ला फूल’. त्याची चाल मूळची दक्षिण अमेरिकेतली, आंखेल काब्राल याच्या १९३६ च्या वॉल्ट्झची, आणि ती उजव्या हातात सरसर धावते. पण डावा हात त्या वेगाला उड्या मारू शकेल तेव्हाच.

कुठे शोधायचं

पहिला नियम: गायकाच्या नावाने शोधू नका, संगीतकाराच्या नावाने शोधा. ‘पियाफ’ टाकलं की शेकडो सोपी रूपांतरं समोर येतात. ‘ला व्ही आँ रोज’ लुईगीचं, ‘इम्न आ लामूर’ मार्गरीत मोनोचं, ‘सू ल स्येल द पारी’ ह्युबेर जिरोचं, ‘ले फय मोर्त’ जोसेफ कोस्माचं, ‘पार्ले-म्वा दामूर’ जाँ लनुआरचं. या नावांनी मूळ छापील आवृत्तीच्या जवळ जाता येतं. गाण्याचं नाव उच्चारावरून टाइप करू नका. फ्रेंच स्पेलिंग विकिपीडियावरून उचलून चिकटवा, कारण एक न उच्चारलेलं अक्षर चुकलं तरी शोध भरकटतो. स्वरलिपीच्या छापील प्रतीला फ्रेंचमध्ये पार्तिस्यों (partition) म्हणतात, एकट्या पियानोला पियानो सल (piano seul) आणि गायन-पियानोला शाँ ए पियानो (chant et piano). यांतले हवे ते शब्द गाण्याच्या नावापुढे रोमन लिपीत जोडले की फ्रेंच दुकानं आणि ग्रंथालयं दिसू लागतात.

सातीची ही पानं आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मोफत आणि राजरोस मिळतात. तो १९२५ साली वारला. पियाफच्या काळातली गाणी तिथे शोधू नका, बहुतेकांवर अजून हक्क आहेत. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘गालिका’ हे डिजिटल दालन जुन्या गाण्यांसाठी खजिना आहे, तेही मोफत. तिथे एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. त्या काळी गाणी दोन आकारांत छापली जात. मोठ्या आकारात पियानोची साथ असे. छोट्या आकाराला पती फॉर्मा म्हणत, त्यात साधारणपणे फक्त चाल आणि शब्द असत. रस्त्यावरचे गायक तीच पानं स्वस्तात विकत. मुखपृष्ठ पाहून हरखून जाऊन पती फॉर्मा उतरवलं आणि आत साथच नाही, असं होतं. अर्थात चाल पडताळून पाहायला तेच उत्तम, कारण त्यात कुणा रूपांतरकाराची लुडबुड नसते.

हक्क असलेल्या गाण्यांसाठी म्युझिकनोट्स, शीट म्युझिक डायरेक्ट अशा दुकानांतून एकेक गाणं विकत घेता येतं. घेण्यापूर्वी नमुन्याचं पहिलं पान मोठं करून पाहा. ओळी दोन असतील तर ते एकट्या पियानोचं. तीन असतील तर वरची गायनाची, खालच्या दोन पियानोच्या. मग गायनाच्या ओळीतले सूर पियानोच्या उजव्या हाताच्या सर्वांत वरच्या सुरांशी ताडून पाहा. जुळत असतील तर खालच्या दोन ओळी तशाच वाजवता येतील. जुळत नसतील तर ती नुसती साथ, म्हणजे तुम्ही घेतलीत तशी. ती वाया गेलेली नाही, तिचं काय करायचं ते पुढे सांगतो. छापील पुस्तकं हातात घेऊन पाहायची असतील तर मुंबईत धोबीतलावच्या फुर्तादोस या संगीताच्या दुकानात चाळता येतात.

फुकटच्या पीडीएफचं म्हणाल तर तुमच्या मात्रा चुकत नव्हत्या. अशी बरीच पानं कुणीतरी वाजवलेलं संगणकाने जसंच्या तसं उतरवून तयार होतात. वादकाने सूर जरासा उशिरा टाकला की संगणक तिथे सोळांशाची टाय, म्हणजे दोन सूर जोडणारी कमान, लिहितो. ओळखायची खूण सोपी आहे. साध्या वॉल्ट्झमध्ये बारच्या रेषेवरून जाणाऱ्या बारीक टायची जाळी दिसली, एकाच बारमध्ये तोच सूर एकदा शार्प आणि एकदा फ्लॅट लिहिलेला असला, किंवा एका हाताला बारा-तेरा कीजची पकड मागितली असली, तर ते पान टाकून द्या. दुरुस्त करत बसण्यापेक्षा ऐकून लिहिणं लवकर होतं.

साथीच्या पानावरून पियानोवादन

आता तुमच्याकडे पडून असलेली ती तीन ओळींची पानं काढा. काम असं करायचं: गायनाची ओळ उजव्या हाताच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या बोटांना द्या. अंगठा आणि दुसरं बोट खालून एखाद-दुसरा भरणीचा सूर देतील. बास आणि कॉर्ड डाव्या हाताला. पियानोच्या उजव्या हाताला लिहिलेलं बाकी सगळं पुसून टाका, फक्त गायक श्वास घेतो तिथले तुकडे ठेवा, ते फार मोलाचे असतात. ‘सू ल स्येल द पारी’त ओळ संपली की गायक दोन सूर नुसतं गुणगुणतो. ते वगळलं तर गाणं लंगडतं. एक सप्तक वर, हलक्या हाताने, कुणीतरी उत्तर दिल्यासारखं ते वाजवा.

कॉर्डमधले सूर कमी करताना सगळ्यात आधी पाचवा काढा. तिसरा आणि सातवा शेवटपर्यंत धरा, कॉर्डचा रंग त्या दोघांत असतो. आणि मधल्या सीच्या खालच्या सीपेक्षाही खाली गेलात की तिथे दोन जवळचे सूर एकत्र वाजवू नका, गढूळ होतं. तिथे एकच सूर, नाहीतर सप्तक.

बहुतेकांचं घोडं अडतं ते पट्टीपाशी. कॅबरेच्या गायिका खालच्या आवाजात गातात, त्यामुळे छापलेल्या पट्टीत चाल वारंवार मधल्या सीच्या खाली उतरते आणि डाव्या हातात जाऊन फसते. पियानोवर चाल मधल्या सीपासून वरच्या दोन सप्तकांत राहिली तर गाते. म्हणून गाणं तीन ते पाच सेमीटोन वर घ्या, किंवा पट्टी तीच ठेवून चाल एक सप्तक वर न्या. डिजिटल पियानोचं ट्रान्सपोज बटण पट्टी अजमावण्यापुरतं वापरा. पट्टी ठरली की पान नव्याने लिहून काढा, कारण कॅफेतल्या पियानोला ते बटण असेलच असं नाही.

‘ला व्ही आँ रोज’वर हे करून पाहू. पट्टी सी मेजर, म्हणजे पांढरी एक. ध्रुवपद तार षड्जावरून उतरतं: सां नी ध प ग, मग परत सां आणि नी. पुढचा तुकडा तेच एक पायरी खाली करतो आणि धवर येतो. म्हणजे दर तुकड्याचा वजनदार सूर सां, नी, ध असा एकेक पायरी खाली सरकतो. डाव्या हाताने इथे कॉर्ड बदलायची धडपड करू नये. खाली सी धरून ठेवा, मध्ये ई आणि जी. वरची चालच त्यात आधी सातवा, मग सहावा सूर मिसळते आणि तो मऊ रंग आपोआप येतो. सोप्या आवृत्त्या याच जागी प्रत्येक मात्रेला नवी कॉर्ड ठोकतात, म्हणून त्या तशा वाजतात. शिवाय ध्रुवपदाच्या आधीचं कडवंही त्या गाळतात. ते बोलल्यासारखं आहे, पियानोवर एकदाच, ठेका न धरता, सावकाश वाजवा. त्यानंतर ध्रुवपदाचा पहिला सां येतो तो ऐकणाऱ्याला हवाहवासा झालेला असतो.

‘ले फय मोर्त’चंही तसंच. जगाला त्याचं ध्रुवपदच माहीत आहे, पण कोस्माच्या मूळ गाण्यात त्याआधी लांब कडवं आहे. ध्रुवपदाच्या कॉर्ड्स एका साखळीत जातात. ई मायनरमध्ये घेतलंत तर ए मायनर, डी, जी, सी, मग एफ शार्प हाफ-डिमिनिश्ड, बी आणि घरी ई मायनर. एवढी साखळी हातात बसली की या काळातली निम्मी गाणी ओळखीची वाटू लागतात.

लांब सुरांचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक गाण्यात येतो. गायिका सूर धरून फुगवू शकते, अकॉर्डियनचा भाता ओढता येतो, पियानोचा सूर मात्र वाजल्या क्षणापासून विझत जातो. दोन मात्रांपेक्षा लांब सूर आला की त्याच्याखाली काहीतरी हललं पाहिजे: डाव्या हाताची फुटलेली कॉर्ड, किंवा मधल्या आवाजात एकेका सुराने उतरणारी ओळ. ट्रेमोलो, म्हणजे सूर भराभर थरथरवणं, करू नका, मूकपटाच्या पियानोची आठवण होते. आणि लांब सुरानंतरचा सूर त्या विझत आलेल्या सुराच्या ताकदीला जुळवून वाजवा. तिथे नव्याने जोर दिला की ओळ तुटते.

आणि फ्रेंच येत नाही म्हणून सर्वांत जास्त चुकतं ते इथे. या गाण्यांत ओळीच्या शेवटी एक अर्धं अक्षर असतं, बोलताना ऐकूही न येणारं, पण गाताना त्याला स्वतंत्र सूर मिळतो. ‘रोज’ गाताना ‘रो-झ’ असे दोन सूर होतात, ‘मोर्त’चे ‘मोर-त’. दुसरा सूर गायिका नुसता सोडून देते. स्वरलिपीत मात्र दोन्ही सूर सारखेच दिसतात, आणि न ऐकता वाजवणारा शेवटच्या सुरावर शिक्का मारतो. उपाय असा: गाण्याचे शब्द समोर ठेवून ध्वनिमुद्रण ऐका, ओळीअखेरच्या अशा प्रत्येक सुरावर पेन्सिलने गोल करा आणि तो सूर आधीच्या सुराच्या निम्म्याहूनही कमी जोराने वाजवा. शब्दांचे उच्चार कुणाकडून तरी एकदा ऐकून घ्यायचे असतील तर पुण्यातच अलियाँस फ्राँसेझ आहे, तिथल्या शिकवणाऱ्यांना विचारा. अर्ध्या तासाचं काम, पण वाजवणं बदलून जाईल.

वॉल्ट्झचा डावा हात वेगळा तयार करावा लागतो. पहिल्या मात्रेला बास, दुसऱ्या-तिसऱ्याला कॉर्ड. अकॉर्डियनवाल्याची बटणं बोटांखालीच असतात, आपल्याला दर बारला उडी मारावी लागते. आठवडाभर उजव्या हाताबरोबर फक्त बास वाजवा, मग फक्त कॉर्ड्स, मग दोन्ही. ‘ज त व्हो’ सुरुवातीला मिनिटाला ९६ मात्रांवर ठेवा आणि चार-चारने वाढवत १३५-१४० पर्यंत न्या. दुसरी मात्रा पहिलीच्या किंचित जवळ आणि तिच्यापेक्षा हलकी, तिसरी त्याहून हलकी. दोन्ही कॉर्ड्स सारख्याच आपटल्या तर कवायतीचा बँड होतो. पेडल बासबरोबर पकडा आणि तिसऱ्या मात्रेला सोडा, पूर्ण बारभर धरू नका. लय ओढायची ती उजव्या हाताने. डाव्याने ठेका सोडायचा नाही, ओळ संपली की दोघे एकत्र आले पाहिजेत.

गाण्याची तीन कडवी तीनदा तशीच वाजवू नका, शब्द बदलत नाहीत तर ऐकणाऱ्याला तेच तेच ऐकावं लागतं. चार बारची सुरुवात, कडवं एकदा, ध्रुवपद एकदा साधं, दुसऱ्यांदा चाल डाव्या हाताच्या अंगठ्याला देऊन उजव्याने वरून हलक्या कॉर्ड्स, मग शेवट. अडीच ते तीन मिनिटांत संपवा. दुसऱ्या ध्रुवपदाला पट्टी अर्ध्या सुराने वर चढवायची जुनी चाल या गाण्यांना शोभते, पण पूर्ण कार्यक्रमात एकदाच.

कॅफेतला कार्यक्रम

पंचवीस मिनिटांत सात तुकडे बसतात. ‘पिकाडिली’ने उघडा, लोक बोलत असतात तेव्हा ते चालून जातं. मग ‘सू ल स्येल द पारी’, ‘पार्ले-म्वा दामूर’, ‘युकाली’, ‘ले फय मोर्त’, ‘ला व्ही आँ रोज’ आणि शेवटी ट्रिओसकट पूर्ण ‘ज त व्हो’. वॉल्ट्झ एकापाठोपाठ तीन आले की कान कंटाळतात, म्हणून तांगो मध्ये ठेवला आहे. पूलँकची इम्प्रोव्हिझेशन तयार झाली तर ‘ले फय मोर्त’च्या जागी ती. पुढे हात आणखी चालायला लागला की अलेक्सिस वायसेनबर्ग या पियानोवादकाने केलेली फ्रेंच गायक शार्ल त्रेनेच्या सहा गाण्यांची रूपांतरं ऐका. त्याने ती टोपणनावाने ध्वनिमुद्रित केली होती, मार्क-आंद्रे आमलँ या दुसऱ्या पियानोवादकाने ती नुसतं ऐकून कागदावर उतरवली. वाजवायला अतिशय कठीण, पण कॅबरेचं गाणं पियानोवर कुठवर जाऊ शकतं ते त्यांत कळतं.

हक्कांबद्दलही मैत्रिणीशी बोलून घ्या. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याची रचना मोकळी होते. त्या हिशेबाने साती, १९५० साली गेलेला वाइल, १९६१ साली गेलेली मोनो आणि १९६३ साली गेलेला पूलँक यांच्या चाली आता मोकळ्या आहेत. लुईगी, कोस्मा, जिरो, लनुआर यांच्या नाहीत. त्या घरी वाजवायला कुणाची परवानगी लागत नाही, पण कॅफेत जाहीर वाजवायच्या तर कॅफेकडे आयपीआरएस या संगीतकार-गीतकारांच्या हक्कांची कामं पाहणाऱ्या संस्थेचा परवाना हवा. तो जागेच्या मालकाने काढायचा असतो. परवाना नसेल तर तोपर्यंत ‘पिकाडिली’, ‘पूद्र दोर’, ‘युकाली’, ‘इम्न आ लामूर’, ‘ले शमँ द लामूर’ आणि ‘ज त व्हो’ एवढ्यांवरही वीस मिनिटं नीट भरतात. मोनो आणि पूलँकच्या गाण्यांची रूपांतरं मात्र स्वतःची करा. विकत घेतलेल्या पानावर रूपांतरकाराचा हक्क निराळा असतो, चाल मोकळी झाली तरी तो सुटत नाही.